फोटो चांगले येतात, पण माझे वाटत नाहीत

प्रश्न: मी ऐरोलीला राहते, महापेच्या एका कंपनीत नोकरी करते. चार-पाच वर्षं फोटो काढतेय. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स आणि मोबाइल. रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाइन्स, सिमेट्री हे रचनेचे सगळे नियम करून झाले. खाडीतले फ्लेमिंगो, ठाण्याचा तलावपाळी तलाव, पाडव्याची शोभायात्रा, पाम बीच रोडचे दिवे असे बरेच फोटो आहेत आणि लोक छान म्हणतात. पण आमच्या ग्रुपमधल्या दहा जणांचे फोटो नाव झाकून ठेवले, तर त्यातला माझा कोणता हे मलाच सांगता येणार नाही. स्वतःची नजर म्हणतात ती येते कशी? आणि त्यासाठी ३५ एमएमची लेन्स घ्यावी की ५०?

उत्तर:

लेन्सचं शेवटी सांगतो, कारण ते तुमच्याच जुन्या फोटोंवर अवलंबून आहे. नाव झाकून फोटो ओळखू येतो का, ही कसोटी तुम्ही स्वतःच लावलीत, हे फार बरं झालं. बरेच जण तिथपर्यंत पोचतच नाहीत. ‘मस्त’, ‘कडक’ ऐकण्यात त्यांची वर्षं निघून जातात.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. पोट भरतं ते इमारती, इंटिरियर आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे फोटो काढून. रविवारी चार-सहा मंडळी आपापले फोटो घेऊन घरी येतात, मग दुपारपर्यंत तेच चालतं. या दोन्हींतून माझं एक मत बनलंय. फोटोत फोटोग्राफर प्रामुख्याने दोन जागी दिसतो: तो कुठे उभा राहिला त्यात, आणि चौकटीच्या कडांवर त्याने काय येऊ दिलं त्यात. विषय, रंग, एडिटिंग यांचा नंबर त्यानंतर लागतो.

नियमांबद्दल थोडक्यात. मुख्य गोष्ट चौकटीच्या तिसऱ्या हिश्शावरच्या रेघेवर ठेवायचा नियम रूल ऑफ थर्ड्स हे नाव देऊन मांडला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ मध्ये, निसर्गचित्रांबद्दल लिहिताना. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. म्हणजे नियम कॅमेऱ्याहून जुना, आणि आज तो प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा होऊन बसलाय. तुमच्या ग्रुपमधल्या दहाही जणांकडे त्याच रेघा आहेत. त्यांच्यामुळे फोटो सहसा बिघडत नाही, हा फायदा खरा. पण तलावपाळीची होडी दहाही जण एकाच रेघेवर ठेवणार असतील, तर दहा फोटो सारखे दिसणारच. नियम हाताला बसलेत, बसू देत. तुमची अडचण त्यांच्या पुढची आहे.

पहिलं काम घरात बसून करायचं. गेल्या दोन-तीन वर्षांतले शंभर-दीडशे फोटो काढा आणि जवळच्या स्टुडिओतून ४ बाय ६ इंचाचे साधे प्रिंट करून आणा. निवडताना अट एकच: त्यातले निम्मे तरी तुम्ही कुणालाही न दाखवलेले हवेत. लाइक मिळालेले फोटो या कामाला फारसे उपयोगी नाहीत, कारण ते निवडताना लोकांना काय आवडेल याचा अंदाज आधीच मनात होता. सहज काढलेला, डिलीट करायचा राहून गेलेला फोटो जास्त खरं सांगतो. सगळे प्रिंट जमिनीवर मांडा. कॉम्प्युटरवर बघू नका. तिथे आपण एकेक फोटो मोठा करून शार्प आहे का तेवढंच तपासत बसतो.

आता विषय बघायचा नाही. पक्षी आहे, बाई आहे की पूल, ते बाजूला ठेवा. जमत नसेल तर प्रिंट उलटे फिरवा, म्हणजे आकाश खाली येईल. विषय मागे पडतो आणि आकार पुढे येतात. मुख्य गोष्ट तुमच्यापासून किती लांब आहे? क्षितिज वर ठेवलंय की खाली? माणसं तुमच्याकडे बघतायत, बाजूला की पाठमोरी आहेत? मोकळी जागा कुठल्या बाजूला सुटते? तुमच्या आणि विषयाच्या मध्ये काच, जाळी, फांदी, कुणाचा खांदा असं काही येतं का? तासाभरात दोन-तीन सवयी दिसायला लागतील. त्या चांगल्या की वाईट, ते इतक्यात ठरवू नका.

माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाच्या फोटोंत माणसं कायम पाठमोरी असायची. आधी कुठेतरी त्याला सांगण्यात आलं होतं की हा भित्रेपणा आहे, चेहरे टिपायला शीक. मग तो दर रविवारी जांभळी नाक्यावर जाऊन फुलवाल्यांचे चेहरे काढायचा, आणि ते फोटो इतके ताठ यायचे की बघवत नसत. सगळे प्रिंट मांडल्यावर दिसलं की त्याच्या पाठमोऱ्या फोटोंतली माणसं नेहमी कशाकडे तरी बघत असतात: बसच्या पाटीकडे, खाडीकडे, बंद शटरकडे. तो स्वतः दहा-बारा फुटांवर, त्यांच्याच उंचीवर, त्याच दिशेला बघत उभा. लाजाळूपणा त्यात होता, पण त्या माणसाच्या सोबत उभं राहणंही होतं. मग त्याने तेच मुद्दाम करायला घेतलं. पाठमोरा फोटो काढायचा, तर मानेत, खांद्यात, हातातल्या पिशवीच्या ओझ्यात काहीतरी दिसायला हवं. समोरची गोष्टही ओळखू यायला हवी. दोन्ही बऱ्यापैकी शार्प हवीत म्हणून त्याने लेन्सचं छिद्र लहान केलं, एफ/२.८ सोडून एफ/८ वर आला. सवय जुनीच राहिली. आता तिच्याभोवती निर्णय आले, आणि त्याचे फोटो ओळखू यायला लागले.

आता अंतराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यावर गैरसमज फार आहेत.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-लांबच्या गोष्टी एकमेकींच्या तुलनेत केवढ्या दिसतात ते, लेन्स बदलल्याने बदलत नाही, उभं राहायची जागा बदलल्याने बदलतो. घोडबंदर रोडवरचा एखादा टॉवर आणि त्याच्या मागचा येऊरचा डोंगर घ्या. समजा, तुम्ही टॉवरपासून १०० मीटरवर आहात आणि डोंगर तुमच्यापासून २ किलोमीटरवर. वाइड लेन्सने टॉवर अख्खं आभाळ व्यापतो आणि डोंगर त्याच्या पायाशी हिरवी रेघ होऊन राहतो. आता मागे जात जात टॉवरपासून १ किलोमीटरवर या. टॉवरचं अंतर दहा पट झालं, तो दहाव्या हिश्शाइतका लहान दिसायला लागला. डोंगर मात्र २ वरून २.९ किलोमीटरवरच गेला, म्हणजे साधारण एक तृतीयांशाने लहान झाला. टॉवरच्या तुलनेत डोंगर आता जवळजवळ सात पट मोठा आहे. टेलिफोटो (लांबचं मोठं दाखवणारी लेन्स) लावून तुम्ही फक्त मधला तुकडा कापून मोठा करता. लेन्सने डोंगर पुढे ओढला असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते काम चालण्याने झालेलं असतं.

पहिल्या फोटोत टॉवर केवढा उंच आहे ते दिसतं. दुसऱ्यात डोंगराच्या पायथ्याला येऊन भिडलेली वस्ती दिसते. बिल्डरच्या ब्रोशरसाठी मी पहिला काढतो, त्याचे पैसे मिळतात. दुसरा स्वतःसाठी काढतो. इमारत एकच, मतं दोन, आणि मध्ये नऊशे मीटरची पायपीट. तुमचं मत फोटोत कसं येतं, या प्रश्नाचं माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही.

एक सोपा हिशेब पाठ करून टाका. तुमच्या क्रॉप सेन्सरवर लेन्स २४ वर असली की आडव्या फ्रेमची रुंदी जवळपास अंतराएवढी असते. तीन मीटरवर उभ्या राहिलात तर तीन मीटर रुंद जागा दिसते. ३५ वर ती दोन तृतीयांश होते, म्हणजे दोन मीटर. ५० वर निम्म्याहून थोडी कमी. १८ वर तीन मीटरवरून जवळजवळ चार मीटर रुंदी मिळते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात हीच ‘अंतराएवढी रुंदी’ ३५ ला येते. थोड्या दिवसांत कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट दिसू लागते आणि रिंग फिरवण्याऐवजी पाय हलायला लागतात. इंटिरियरच्या कामात मला हा हिशेब रोज लागतो, पण रस्त्यावर त्याचा उपयोग त्याहून जास्त आहे.

जमिनीवर मांडलेल्या फोटोंचा एक्झिफ डेटाही (फोटोसोबत आपोआप नोंदलेली माहिती) बघा, कुठल्या फोकल लेन्थवर, म्हणजे रिंगच्या कुठल्या आकड्यावर काढलेत ते. १८-५५ वापरणाऱ्या बहुतेकांचे फोटो मला एकतर १८ वर किंवा ५५ वर काढलेले दिसतात, मधल्या आकड्यांवर फार थोडे. दोन्ही टोकं आवडतात असा त्याचा अर्थ नसतो. रिंग जिथे अडली तिथे हात थांबला, एवढंच. म्हणजे अंतराचा निर्णय कुणी घेतलेलाच नाही, आणि न घेतलेले निर्णय सगळ्यांचे सारखेच दिसतात.

‘जवळ जा, अजून जवळ जा’ हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. तो सरसकट देण्याच्या मी विरोधात आहे. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो बघा. तिथलं जवळ असणं लेन्सने आलेलं नाही. त्या माणसांत वावरल्याशिवाय तिथे उभंच राहता येत नाही. दुसऱ्या टोकाला आंद्रे केर्टेस. हंगेरीत जन्मलेला हा फोटोग्राफर १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेसमोरच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहायला गेला आणि १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे राहिला. बाल्कनीतून खालची बाग तो टिपत असे: बर्फातल्या पायवाटा, एकटदुकट माणसं, निष्पर्ण झाडं. खाली उतरून जवळ गेला असता तर त्यातले फोटो झालेच नसते. घोडबंदरला विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर राहणारी मंडळी फोटोसाठी पहाटे गाडी काढून लांब कुठेतरी जातात, तेव्हा मला हटकून केर्टेस आठवतो.

तेव्हा तुमचं अंतर कोणतं ते आधी प्रिंटमधून शोधा, मग त्यात मुरा. ते जवळचं निघालं तर माणसांशी बोलण्याला पर्याय नाही. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळीच्या पाटीसमोर कॅमेरा धरून गुपचूप क्लिक करणाऱ्यांना मावश्या बरोबर ओळखतात. ‘मावशी, फोटो काढू का?’ असं विचारलं तर निम्म्या वेळा ‘आधी म्हावरं घे’ हे उत्तर येतं, आणि ते रास्तच आहे. घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुम्ही आणि तुमचा कॅमेरा दोघंही तिथे नवखे राहत नाही. लांबून टेलीने उचललेला चेहरा आणि समोर उभं राहून काढलेला चेहरा यांतला फरक कुणालाही कळतो, डोळ्यांतच दिसतो.

आता कडा. आपला डोळा मध्यावर खिळतो, कॅमेरा मात्र चारही कोपऱ्यांपर्यंत सगळं सारख्याच निष्ठेने नोंदवतो. म्हणून क्लिक करण्याआधी नजर एकदा कडेकडेने फिरवून आणायची, घड्याळाच्या दिशेने. कोपऱ्यातून अर्धवट घुसलेला हात, वर कापलेली पाटी, खाली कापलेली पावलं. प्रत्येकाबद्दल ठरवायचं: पूर्ण आत, पूर्ण बाहेर, की मुद्दाम अर्धं. सुरुवातीला यात क्षण निसटतात. निसटू देत, सहा महिन्यांत वेग येतो.

पण कडा साफ ठेवणं ही झाली स्वच्छता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्या पलीकडे आहे. ग्रुपमधल्या सगळ्यांचे फोटो सारखे का दिसतात? माझं म्हणणं असं की सगळे जण त्याच त्याच गोष्टी टाळतात म्हणून. ठाण्यात केबलची भेंडोळी, वाढदिवसाचे फ्लेक्स, मेट्रोचे खांब, निळे पत्रे पावलोपावली आहेत, आणि आपण सगळे मान वाकडी करकरून त्यांना चौकटीबाहेर ठेवतो. उरतं ते कुठल्याही शहरातलं.

फ्लेमिंगोंचंच बघा. गुलाबी पक्षी, खाली पाणी, मागे धूसर काहीतरी. असा फोटो गुजरातचा म्हणूनही खपेल. ठाणे खाडीत मात्र त्या पक्ष्यांच्या मागे उच्चदाबाच्या तारांचे मनोरे आहेत, ऐरोलीचा पूल आहे, पलीकडे भांडुप-मुलुंडच्या इमारती आहेत, आणि पुढ्यात ओहोटीचा चिखल, त्यात अडकलेलं प्लास्टिक. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही जागा एवढ्या मोठ्या वस्तीच्या कुशीत आहे, हीच तिची खरी गोष्ट. ५०० एमएमने एकच पक्षी कापून काढला की ती गोष्ट फोटोबाहेर जाते. तुमच्याकडे ५०० एमएम नाही म्हणून तुम्ही खट्टू असाल तर होऊ नका. ५५ वर पक्ष्यांचा थवा गुलाबी पट्टी होतो आणि वर मनोरे येतात. त्या पट्टीची जाडी किती, मनोरे कुठे कापायचे, आभाळ किती ठेवायचं, हे निर्णय तुमचे स्वतःचे असतील.

प्रत्येक फोटोत फ्लेक्स घाला असा याचा अर्थ घेऊ नका. तोही एक साचा होईल. तुम्ही काय टाळता याची एकदा यादी करा आणि त्यातली एक गोष्ट महिनाभर टाळू नका. काहींना कळतं की आपल्याला मोकळी, शांत चौकटच हवी असते. मग ती मिळवण्याचा त्यांचा मार्ग तरी स्वतःचा होतो. काहींना गजबज आवडते हे पहिल्यांदाच कळतं. शोभायात्रेत हे करून बघण्यासारखं आहे: बुलेट, नऊवारी आणि गॉगल यांचे फोटो काढायला तिथे शेकड्याने लोक असतात, त्यांना काढू द्या. यात्रा पुढे सरकल्यावर ढोल उतरवून खांदे चोळत बसलेली पोरं, रांगोळीवर पडलेले पायांचे ठसे, गॅलरीतून खाली बघणारी आजी यांच्याकडे चौकट वळवली की आजूबाजूला एकही कॅमेरा नसतो.

चौकटीतली चौकट तुम्ही केली असेलच, दरवाजातून, कमानीतून. तिचा वापर सजावटीसाठी झाला की कंटाळवाणी होते. फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी (१९४२-१९९९) अँबेसेडर गाडीच्या खिडक्या, काचा आणि आरसे वापरून एका फोटोत तीन-चार वेगवेगळ्या जागा बसवल्या. गाडीचा दरवाजा चौकट दुभागतो आणि दोन्हीकडे वेगळं काही चाललेलं असतं. तुमच्याकडे रोजची ठाणे-वाशी मार्गावरची लोकल आहे. दरवाजा, खिडकीचे गज, काचेतलं प्रतिबिंब, बाहेर कधी खारफुटी तर कधी कारखान्याची भिंत. कामावर जाता-येता मोबाइलने करण्यासारखं आहे. फलाटावर मोठा कॅमेरा काढून उभं राहिलं की हटकलं जातं, त्यामुळे मोबाइलच बरा.

इथे एक गोष्ट ठाणे आणि नवी मुंबई या आमच्या दोन शहरांबद्दल, कारण अंतर फक्त स्वभावावर ठरत नाही, जागाही ते ठरवते. जुन्या ठाण्यात, जांभळी नाका, चेंदणी किंवा माझ्या नौपाड्याच्या गल्ल्यांत, मागे सरकायला जागाच नसते. पाठीला भिंत लागते. म्हणून तिथले चांगले फोटो थरांचे असतात: पुढे कुणाचा खांदा, मध्ये हातगाडी, मागे जिन्यातली बाई. नवी मुंबई सिडकोने आखून वसवली, तिथे रस्ता रुंद, रेषा सरळ, आभाळ मोकळं. माणूस आपोआप लहान दिसतो. वाशी किंवा सीवूड्सच्या स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत ठाण्यासारखे थर शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. तिथे मोठ्या भिंतीवर एक सावली, एक माणूस, असं चालतं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज मात्र मधलं आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात छोट्या अंगणांभोवती घरं मांडली आणि नंतर लोकांनी ती आपापल्या गरजेप्रमाणे बदलली. एकाच फ्रेममध्ये आखणी आणि गजबज दोन्ही सापडतात. तुम्ही दोन्ही शहरांच्या सीमेवर राहता. कुठे पाय घसरत नाहीत, सहज चालतात, ते बघा.

आणि मग एक जागा धरा. वर्षभर तीच. फोटोवॉकला जाऊ नका असं म्हणणार नाही, गप्पा छान होतात. पण एका फुलवालीभोवती दहा कॅमेरे उभे राहिले की फोटो कुणाचाच होत नाही. एक जागा धरल्यावर पहिले काही आठवडे नेहमीचेच फोटो येतात, ते संपू द्यावे लागतात. नंतर उजेड कळायला लागतो. ऐरोलीच्या बाजूला खाडी पश्चिमेला, म्हणून संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि सगळं काळ्या आकृत्यांत जातं. सकाळी तो तुमच्या पाठीमागे, पारसिकच्या डोंगरामागून थोडा उशिराच वर येतो आणि समोरचा मुंबईचा किनारा उजळतो. ठाणे पूर्वेच्या मीठबंदरावर नेमकं उलट. उपवनला सूर्यास्ताच्या आधीच ऊन येऊरच्या डोंगराआड जातं, त्यामुळे तळ्यावर बराच वेळ मऊ, बिनसावलीचा उजेड मिळतो, माणसांच्या फोटोंसाठी उत्तम. हे एकदा अंगवळणी पडलं की आज कुठे जायचं हा प्रश्न उरत नाही. लक्ष चौकटीकडे जातं.

चौकटीच्या आकाराचंही एकदाच ठरवून टाका. कॅमेरा ३:२ देतो, मोबाइल ४:३. कधी चौकोनी, कधी लांबट असं नंतर कापत बसलात तर काढताना कडांचा विचार होत नाही, कारण मनात कुठेतरी माहीत असतं की पुढे क्रॉप करता येईल. वर्षभर एकच आकार, क्रॉप नाही. आडवा की उभा एवढंच स्वातंत्र्य पुरे.

रंगांबद्दल मी कडक आहे. टील-ऑरेंज प्रीसेट (रंगांची तयार सेटिंग) किंवा सरसकट काळं-पांढरं करून मिळणारा सारखेपणा म्हणजे शैली नाही. तो उद्या दुसऱ्याला फुकट डाउनलोड करता येतो. वर्षभर रंग होतील तितके साधे ठेवा. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) डेलाइटवर अडकवून ठेवलात तर सकाळ, दुपार आणि सोडियमचे दिवे यांतला फरक जसाच्या तसा राहील.

तीन महिन्यांनी पुन्हा प्रिंट काढा आणि पुन्हा मांडा. या वेळी त्यातले बारा निवडा आणि क्रम लावा. नजर खऱ्या अर्थाने इथे घडते, रस्त्यावर तुम्ही फक्त कच्चा माल गोळा करत असता. दोन फोटो शेजारी ठेवले की एकातली रेषा दुसऱ्यात जाते किंवा भांडते. सुंदर असूनही क्रमात न बसणारा फोटो काढून टाकायला जड जातं. काढाच. निवडलेले बारा घरातल्या अशा कुणाला दाखवा ज्यांना फोटोग्राफीतलं काही कळत नाही, आणि ‘कसे आहेत’ असं न विचारता ‘यात काय काय दिसतं’ एवढंच विचारा. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं, ‘तुझ्या सगळ्या फोटोत कुणीतरी वाट बघतंय.’ इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

आता लेन्स. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ३५ ही फुल फ्रेमच्या साधारण ५० सारखी वागते आणि ५० ही ७५-८० सारखी, म्हणजे चांगलीच लांब. प्रिंटमध्ये तुमचं अंतर मध्यम निघालं, माणूस कमरेपासून वर किंवा दोघं-तिघं एकत्र असं दिसलं, तर ३५. लांबून, मोकळ्या जागेत, छोटी माणसं आणि दाबून जवळ आणलेले थर आवडत असतील तर ५०. आणि गल्लीबोळात, गर्दीच्या आत शिरून काढता असं दिसलं तर दोन्ही नकोत, २४ बघा. ठरत नसेल तर १८-५५ च्या रिंगवर कागदी टेप लावून ती एका आकड्यावर अडकवा आणि महिनाभर वापरा, मग दुसऱ्या आकड्यावर महिनाभर. दिवसाउजेडी एफ/८ वर ही लेन्स पुरेशी शार्प आहे. प्राइम (एकाच आकड्याच्या, झूम नसलेल्या) लेन्सचा खरा फायदा कमी उजेडात, तेव्हा संध्याकाळी सातनंतर तुम्ही किती फोटो काढता हे बघून मगच पैसे घाला.